भावकी, व्याही आणि फॅमिली ग्रुप: राजकारणावरून नाती तुटू नयेत म्हणून

एक भाऊ काँग्रेसचा, मधला शेकापचा आणि धाकटा शाखेत जाणारा, तरी तिघांचं जेवण एकाच चुलीवर, असं चित्र महाराष्ट्रातल्या जुन्या घरांना अनोळखी नाही. अलीकडे मात्र दोन गोष्टी बदलल्या. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच चिन्हाला मत देणाऱ्या घरांतही मग ‘खरा पक्ष कोणाचा’ हा वाद शिरला. बारामतीत २०२४ च्या लोकसभेला नणंद-भावजय आणि त्याच वर्षी विधानसभेला काका-पुतण्या समोरासमोर लढले. तेव्हा राज्यातल्या बऱ्याच घरांना ती बातमी वाचताना आपलंच घर आठवलं असणार. दुसरा बदल मोबाइलचा. पूर्वी काकांचं मत गणपतीत आणि दिवाळीत ऐकू यायचं. आता ते रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांमागोमाग येतं.

पुढच्या बहुतेक सूचना एकाच निरीक्षणावर उभ्या आहेत. नात्यातला राजकीय वाद मतामुळे पेटतो त्यापेक्षा जास्त ऐकणाऱ्यांमुळे पेटतो. अंगणात दोघंच बसलेले असताना मामा सहज म्हणतात, “हो, ते मात्र आमच्या लोकांचं चुकलं.” तेच मामा नव्या जावयासमोर किंवा साठ जणांच्या ग्रुपवर ते वाक्य उच्चारणार नाहीत, कारण तिथे प्रश्न सरकारचा राहत नाही, मामांच्या मानाचा होतो. त्यामुळे समोरच्याचं मत बदलण्याच्या मागे लागण्याआधी प्रेक्षक कमी करा.

आधी माणूस ओळखा

सगळ्या नातेवाइकांना एकच उपाय लागू पडत नाही. निदान तीन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला, मत बाळगणारा. बातम्या पाहतो, फॉरवर्ड करतो, तावातावानं बोलतो, पण निकाल काहीही लागला तरी त्याचा दिवस बदलत नाही. अशांशी वाद टाळणं सर्वांत सोपं. विषय बदलला की तेही बदलतात.

दुसरा, ज्याच्या पोटाशी किंवा मुलाबाळांशी विषय जोडलेला आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती बंदी ४ मे २०२४ पर्यंत राहिली. लासलगावच्या बाजाराकडे डोळे लावून बसलेल्या साडूला पुण्याच्या मेव्हण्यानं “पण कांदा स्वस्त झाला ना!” असं गमतीत म्हटलं, तरी तो टोमणा लागणारच. आरक्षणाचंही तसंच आहे. एकाच घरात मराठा मुलगा आणि ओबीसी सून असेल, किंवा व्याही मंडळी दुसऱ्या बाजूची असतील, तर तिथे ‘गुणवत्ता’ हा शब्द वापरतानासुद्धा दहा वेळा विचार करावा. या माणसाशी वाद घालू नका, त्याला विचारा: “क्विंटलला किती सुटले? खर्च किती आला?” त्याला आकडे सांगू द्या आणि ते ऐकून घ्या. विषय टाळलात तर उलट त्याला वाटतं, यांना आमचं काही पडलेलं नाही.

तिसरा, कार्यकर्ता. शाखाप्रमुख, बूथप्रमुख, नगरसेवकासोबत फिरणारा पुतण्या. पक्ष हे त्याचं मत नव्हे, काम आहे. गावातली पत आणि कधीकधी उत्पन्नही त्यावर असतं. त्याला घरच्यांसमोर कोंडीत पकडून काहीही साधत नाही. पक्षाची चूक त्यानं कबूल करावी ही अपेक्षाच सोडून द्या. त्याच्याशी बोलायचं तर कामाचं बोला: रेशनकार्डावरचं नाव, रस्त्यावरचा दिवा, दवाखान्यातली ओळख. त्याच्याकडून काम करून घेतलं म्हणजे मत विकलं असं होत नाही. मात्र रोज काम सांगायचं आणि पाठीमागे ‘लाचार’ म्हणायचं, हे कळल्याशिवाय राहत नाही.

फॅमिली ग्रुप

बहुतेक तुटातूट इथे सुरू होते, म्हणून इथे जरा सविस्तर.

ज्या ग्रुपवर आजीच्या तपासण्यांचे रिपोर्ट, लग्नाच्या तारखा आणि कुलदैवताच्या जत्रेचा खर्च येतो, त्यावर राजकारण नको. पण नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही, कारण ज्याला बोलायचंच आहे त्याला जागा लागते. दुसरा ग्रुप काढा. नाव ‘कट्टा’, ‘पार’, ‘चावडी’ असं काहीही ठेवा. त्यात कुणालाही परस्पर घालू नका. ज्याला यायचं त्यानं लिंकवरून यावं. सुरुवातीला त्यात पाच-सहा पुरुष मंडळीच असतात आणि महिन्याभरात एकमेकांना कंटाळतात. त्यात वाईट काहीच नाही.

मूळ ग्रुपवर नियम कुणी सांगायचा, यावर निम्मं यश ठरतं. विशीतल्या नातवानं सांगितला तर तो उद्धटपणा ठरतो. एका बाजूच्या कट्टर माणसानं सांगितला तर त्यामागे डाव दिसतो. दोन्ही बाजूंना जिच्याबद्दल आदर आहे अशी व्यक्ती शोधा. बऱ्याच घरांत ती थोरली आत्या किंवा थोरली काकू असते. मजकूर छोटा आणि कुणाचंही नाव न घेता लिहिलेला असावा. उदाहरणार्थ:

“सर्वांना नमस्कार. हा ग्रुप आपल्या घरच्या बातम्यांसाठी ठेवूया. राजकारण, जात-धर्म आणि नेत्यांचे व्हिडिओ इथे नकोत, कुठल्याही बाजूचे नकोत. ज्यांना चर्चा करायची त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप केला आहे. चुकून काही आलं तर ज्यानं टाकलं त्यानंच काढावं, बाकीच्यांनी उत्तर देऊ नये. – तुमची आत्या”

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. नियम मोडणाऱ्या पहिल्या मेसेजनं भांडण होत नाही, त्याला आलेल्या उत्तरानं होतं.

हा नियम टिकवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या काही सोयी नीट माहीत हव्यात. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढता येतो, पण तो कोणत्या ॲडमिननं काढला हे ग्रुपवर दिसतं. पुतण्यानं काकांचा मेसेज काढल्याचं साठ जणांनी पाहिलं की राजकारण बाजूला राहतं आणि ‘माझा मेसेज काढणारा तू कोण’ हे सुरू होतं. म्हणून आधी फोन करा: “काका, तो सकाळचा व्हिडिओ तेवढा काढता का? आत्यानं सांगितलंय तसं.” स्वतःचा मेसेज सर्वांसाठी काढायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, त्यामुळे घाई नसते, संध्याकाळी निवांत फोन केला तरी चालतो. काकांना तो पर्याय सापडत नसेल तर फोनवरच सांगा: मेसेज दाबून धरा, वरची कचऱ्याची टोपली, मग ‘सर्वांसाठी’. बरेच ज्येष्ठ ‘माझ्यासाठी’ दाबतात आणि आपण काढलं असं समजतात.

मतदानाच्या आधीचे दिवस सर्वांत तापलेले. कायद्यानं मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. घरच्या ग्रुपवर हा काळ ओढून आठवडाभराचा करा आणि तेवढ्यापुरतं ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे सेटिंग लावा. लावण्यापूर्वी कारण सांगा, आणि निकालानंतर दोन दिवसांनी ते न विसरता काढा. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस ॲडमिन असू द्या, नाहीतर ‘ग्रुप ताब्यात घेतला’ असं होतं.

तुम्हाला स्वतःलाच सहन होत नसेल तर ग्रुप सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅप आता सर्वांना सूचना पाठवत नाही, फक्त ॲडमिनना कळतं हे खरं. पण माजी सदस्यांची यादी ६० दिवस कुणालाही पाहता येते, आणि घरात ‘ती ग्रुपमधून गेली’ ही बातमी त्याहून वेगानं फिरते. त्याऐवजी ग्रुप कायमचा म्यूट करा आणि संग्रहात टाका. मग वाढदिवसाच्या दिवशी आत डोकावून शुभेच्छा द्या.

खोट्या बातमीचं काय करायचं, हा अवघड प्रश्न आहे. दुहेरी बाणाची खूण असलेला मेसेज पाच किंवा अधिक टप्प्यांतून फिरून आलेला असतो आणि तो पुढे एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही खूण दिसली की निदान एवढं नक्की, की तो काकांनी लिहिलेला नाही. म्हणून “काका, तुम्ही खोटं पसरवताय” हे वाक्य अन्यायाचं आहे. काकांना कुणीतरी फसवलेलं आहे. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे छापला गेला ते पाहा. जुना किंवा परदेशातला निघतो तेव्हा काम सोपं. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो मराठीतही पडताळणी छापतात, त्यामुळे इंग्रजी दुवा पाठवून ‘आम्ही शिकलेले’ असा आव आणायची गरज नाही. उमेदवाराच्या मालमत्तेबद्दल किंवा गुन्ह्यांबद्दल वाद असेल तर त्याचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, थेट तेच उघडा.

मग ग्रुपवर न टाकता काकांना खासगीत लिहा: “काका, तो फोटो मलाही खरा वाटला होता. शोधल्यावर कळलं, २०१६ चा आहे. दुवा पाठवतोय. तुम्हाला योग्य वाटलं तर ग्रुपवर तुम्हीच सांगा, म्हणजे बाकीचेही पुढे पाठवणार नाहीत.” वर्ष अर्थातच जे निघेल ते. दहापैकी निम्म्या वेळा काका काहीच सांगत नाहीत. तो विषय तिथेच सोडा. पुढच्या वेळी ते पाठवण्याआधी तुम्हाला विचारायला लागले, तर एवढं पुरे. आणि एक पथ्य: आपल्या बाजूची खोटी बातमी दिसली तर तीही याच पद्धतीनं, तितक्याच तत्परतेनं खोडा. ते केलं नाहीत तर पडताळणी म्हणजे तुमचं हत्यार आहे, एवढंच समोरच्याला कळतं.

दंगल भडकावणारा, एखाद्या समाजाला मारा-झोडा म्हणणारा किंवा औषधोपचाराबद्दलचा घातक मेसेज याला अपवाद. तिथे खासगीत समजावत बसू नका, ॲडमिननं तो लगेच काढावा. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण पाठवणारा स्वतः मोकळा नसतो, आणि काकांना हे सांगणं त्यांच्याच भल्याचं आहे.

गौरी-गणपती, दिवाळी आणि पंगत

प्रत्यक्ष भेटीत वाद साधारण तीन वेळांना होतो: टीव्हीवर बातम्या लागलेल्या असताना, जेवणानंतर पुरुष मंडळी ओटीवर किंवा गच्चीवर बसल्यावर, आणि जिथे ‘बसण्याचा’ कार्यक्रम असतो तिथे दुसऱ्या पेगनंतर. तिन्हींचा बंदोबस्त यजमानाच्या हातात आहे.

संध्याकाळी ७ ते १० वृत्तवाहिन्या बंद ठेवा. रिमोट लपवायचा नाही, क्रिकेट किंवा जुनं नाटक लावायचं. पंगतीत वाद घालणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवू नका, एकाच ओळीत दोन-तीन पानं सोडून बसवा. एकमेकांचं तोंड दिसलं नाही की आवाज चढत नाही. वाद घालणाऱ्याला काम द्या. वाढायला घेतलेला माणूस भाषण करू शकत नाही. आरतीची ताटं, मोदकाचं सारण, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, विसर्जनाची हातगाडी, काहीही चालेल. कोकणातल्या घरात चाकरमानी पाच-सात दिवस एकाच छपराखाली राहतात, तिथे पहिले दोन दिवस सगळे गोड असतात आणि ठिणगी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडते. त्या दिवशी मुद्दाम बाहेर पडा: देवदर्शन, बाजार, भजन, दुसऱ्या वाडीतले गणपती.

तरी विषय निघालाच तर? पहिल्या दोन वाक्यांतच तो वळवता येतो, पाचव्या वाक्यानंतर येत नाही. वळवताना समोरच्याला चूक ठरवू नका आणि ‘राजकारण नको’ असंही म्हणू नका, कारण त्याचं उत्तर ‘का नको?’ असतं. त्यापेक्षा माणसाला धरून विषय बदला: “दादा, ते असू दे, आधी सांगा, बोअरला पाणी लागलं का?” “मावशी, तुमच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले?” प्रश्न खरा असावा, उत्तर लांबणारा असावा आणि त्याच माणसाच्या जिव्हाळ्याचा असावा. हवामानाचा विषय काढू नये; पावसावरून गाडी दुष्काळावर आणि दुष्काळावरून सरकारवर दोन मिनिटांत येते.

तुम्हालाच थेट ओढलं, “काय जावईबापू, तुमच्या लोकांनी काय चालवलंय हे?” असं सर्वांसमोर विचारलं, तर एकदा हसून टाळा: “मामा, माझे लोक तुम्हीच. बाकीचे मला ओळखतसुद्धा नाहीत.” दुसऱ्यांदा विचारलं तर सरळ सांगा: “मामा, माझं मत वेगळं आहे. तुमच्याशी बोलायला आवडेल, पण आपण दोघं असताना. उद्या सकाळी चालायला जाऊ तेव्हा बोलू.” आणि मग खरंच जा. टाळाटाळ केली तर पुढच्या सणाला तोच प्रश्न व्याजासकट येतो. तिसऱ्यांदाही विचारलं तर उठून पाणी आणायला जा.

मुलं ऐकत असतात, हे मोठे विसरतात. आठवीतला मुलगा शाळेत जाऊन “आमचे काका म्हणतात ते सगळे चोर आहेत” म्हणाला, आणि बाकावर शेजारी बसणारा ‘त्या सगळ्यां’पैकी निघाला, तर त्याची किंमत मुलगा मोजतो. मुलांसमोर एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल कुणी बोललं तर विषय वळवणं पुरेसं नाही. नंतर मुलाला स्वतंत्रपणे सांगा, की काका आपले आहेत, पण हे आपल्या घरात मानत नाहीत. काकांना न दुखावता एवढं सांगता येतं.

निकालाच्या दिवशी काहीही पाठवू नका. २०२४ चं वर्ष याचा धडा म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे. ४ जूनला लोकसभेच्या निकालात महाविकास आघाडीनं राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा घेतल्या. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. जूनमध्ये ज्यांनी व्याह्यांना डिवचणारी स्टिकर्स पाठवली, त्यांना ती सहा महिन्यांत परत मिळाली, आणि उलटही. जिंकलेल्या बाजूच्या माणसानं त्या दिवशी फोन करायचाच असेल तर तो दुसऱ्या कामासाठी करावा.

दोघांतच बोलायचं ठरलं तर

कधी कधी बोलणं आवश्यक असतं. वडिलांशी, सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं ‘तो विषय नको’ म्हणत राहिलं तर हळूहळू सगळेच विषय संपतात.

जागा अशी निवडा जिथे हाताला किंवा पायाला काम आहे: सकाळचं चालणं, शेतावरची फेरी, गाडीतला लांबचा प्रवास. प्रवासात एक फायदा असा की दोघांचीही नजर रस्त्यावर असते. वेळ अर्धा तास. फोन खिशात. सुरुवात मतावरून नको, मत कसं झालं त्यावरून करा: “बाबा, तुम्ही पहिल्यांदा मत कुणाला दिलं होतं? तेव्हा काय वाटत होतं?” आणीबाणीनंतरची १९७७ ची निवडणूक, गिरणी संप, १९९२-९३ ची मुंबई, १९९५ चं युतीचं सरकार, यांपैकी काहीतरी त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं, आणि त्यांचं आजचं मत बहुतेक वेळा तिथून आलेलं असतं. ते ऐकल्यावर तुमचं मत बदलेल असं नाही. पण ‘यांना व्हॉट्सअ‍ॅपनं बिघडवलं’ हा समज नक्की ढिला होतो.

त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा आणि ‘असंच ना?’ विचारा. ते ‘हो, असंच’ म्हणाल्याशिवाय आपलं म्हणणं मांडू नका. मग एकच मुद्दा मांडा. दहा मुद्दे मांडणाऱ्याचा सर्वांत कच्चा मुद्दा समोरचा उचलतो आणि उरलेले नऊ वाया जातात. शक्यतो तो मुद्दा जवळचा असावा. परराष्ट्र धोरणापेक्षा तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय, एसटीची बंद झालेली फेरी, पीकविम्याचे अडकलेले पैसे यांवर दोघांना निम्म्याहून अधिक सहमत होता येतं. लाडकी बहीणसारख्या योजनेवर वाद घालताना तर आधी घरात कुणाच्या खात्यात ते दीड हजार येतात हे आठवा. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या वहिनींना ‘फुकटे’ हा शब्द आपल्यालाच लागू झाला असं वाटणारच.

‘तुमचे लोक’ आणि ‘आमचे लोक’ हे दोन शब्दप्रयोग टाळा. नेत्यांची टोपणनावं तर अजिबात नकोत, ती ऐकताच समोरचा ऐकणं थांबवतो.

घरातलं मत आणि घरातला दबाव

वेगळं मत असणं वेगळं आणि घरातल्या दुसऱ्याचं मत आपल्या हातात घेणं वेगळं. नव्या सुनेला “आपल्या घरात अमक्यालाच देतात” असं सांगितलं जातं, आजीला नातू बूथवर घेऊन जातो आणि बटणही तोच दाबतो. इथे सलोख्याच्या नावाखाली गप्प बसू नये, पण भांडायचीही गरज नाही, कारण नियम स्पष्ट आहेत.

मत कुणाला दिलं हे सांगायला कुणालाही भाग पाडता येत नाही, तसं लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते ती फक्त मतदाराला, आणि मतदान कक्षात मोबाइल नेऊन फोटो काढायला मनाई आहे. त्यामुळे “फोटो दाखव” म्हणणाऱ्या दिराला “तिथे मोबाइल नेऊ देत नाहीत” एवढं उत्तर पुरतं. सासरी उगाच संघर्ष नको असेल तर सुनेनं “बरं” म्हणावं आणि आत जाऊन हवं ते करावं. कोणी विचारलं तर “दिलं” म्हणावं. यात खोटेपणा नाही, गुप्त मतदान याचसाठी असतं.

आजीची दृष्टी गेली असेल किंवा हाताला बटण दाबता येत नसेल, तर सोबत्याची सोय आहे. सोबती १८ वर्षं पूर्ण केलेला हवा, तो त्या दिवशी एकाहून अधिक मतदारांचा सोबती होऊ शकत नाही, आणि मत गुप्त ठेवण्याचं लेखी प्रतिज्ञापत्र त्याला द्यावं लागतं. केवळ लिहिता-वाचता येत नाही म्हणून सोबती मिळत नाही, चिन्हं त्यासाठीच असतात. घरात दोन बाजू असतील तर आजीसोबत कुणी जायचं हे आजीलाच विचारा, तेही आदल्या दिवशी, बूथच्या रांगेत नव्हे.

ग्रामपंचायत: इथे नियम वेगळे

आतापर्यंतचं सगळं विधानसभा-लोकसभेला चालतं. ग्रामपंचायतीत उमेदवारच घरातला असतो. महाराष्ट्रात ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल असतात, आणि पॅनलची फाळणी बऱ्याचदा भावकीच्या बांधावरून गेलेली असते. जावा-जावा एकाच वॉर्डात उभ्या राहतात, चुलत भाऊ सरपंचपदाला समोरासमोर येतात. इथे ‘राजकारण घरात आणू नका’ हा सल्ला हास्यास्पद आहे.

सर्वांत उपयोगी काळ अर्ज भरण्यापूर्वीचा आणि त्यानंतर माघारीच्या दिवसापर्यंतचा. माघारीची मुदत टळली की नाव मतपत्रिकेवर राहतं आणि मग समजूत घालण्यात अर्थ नसतो. म्हणून ज्येष्ठांनी बसायचं ते याआधी, आणि दोन्ही बाजूंना एकत्र बोलावण्याआधी वेगवेगळं भेटून. ‘तू माघार घे, पुढच्या वेळी तुला’ हा तोडगा तोंडी ठेवू नका. पाच वर्षांनी वॉर्डाचं आरक्षण बदलतं आणि शब्द दिलेल्याला उभंच राहता येत नाही, याचा विचार त्याच बैठकीत करा. बेल-भंडारा उचलायला लावून मतांची शपथ घेण्याची पद्धत काही गावांत आजही आहे. भावकीत ती घेऊ नये. निकालात एका मताचा फरक पडला की पुढची दहा वर्षं ‘शपथ कुणी मोडली’ याचा शोध चालतो.

लढत ठरलीच, तर दोन्ही घरांनी चार गोष्टी आधी बोलून ठेवाव्यात. घरातल्या बायकांबद्दल आणि जुन्या मयताबद्दल प्रचारात कुणी बोलणार नाही. वाटणी, बांध, विहिरीची पाळी आणि पाणंद रस्ता यांची कुठलीही बोलणी निवडणुकीच्या महिन्यात होणार नाहीत. मोटर आणि पाण्याची पाळी नेहमीसारखी चालू राहील. आणि जिंकलेल्याची मिरवणूक हरलेल्याच्या दारावरून जाणार नाही, जायचीच वेळ आली तर तिथे डीजे बंद आणि गुलाल खाली. गावातली जुनी भांडणं तपासून पाहिली तर त्यांचं मूळ पराभवात कमी आणि दारात उधळलेल्या गुलालात जास्त सापडतं. कार्यकर्त्यांना ही चौथी अट उमेदवारानं स्वतः सांगावी लागते, कारण पोरं दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत.

अंतर ठेवायची वेळ

प्रत्येक नातं सांभाळलंच पाहिजे असं नाही. तुमच्या जोडीदाराच्या जातीवरून, धर्मावरून तोंडावर बोललं जात असेल, मुलीबद्दल घाणेरडं लिहिलं जात असेल, धमकी दिली जात असेल, तर ते राजकीय मत नव्हे. एकदा स्पष्ट सांगा, शक्यतो दुसऱ्या एका ज्येष्ठासमोर: “दाजी, हे पुन्हा झालं तर आम्ही येणार नाही.” पुन्हा झालं तर जाऊ नका. मात्र न जाण्याची सीमा नेमकी आखा. सणाला मुक्काम बंद, पण आजारपण, मयत आणि दहाव्याला जायचं, असं ठरवलं तर बाकीच्या नातेवाइकांना बाजू घ्यावी लागत नाही. धमकी असेल तर मेसेज काढून टाकू नका, जपून ठेवा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इथल्या मंडळींचं तुम्हाला पहिलं उत्तर “तुला काय, तू तिकडे बसून बोलतोस” असंच असणार, आणि त्यात तथ्य आहे. शिवाय रात्री अकराला तुम्ही टाकलेला मेसेज इथे सकाळी सगळे उठल्यावर एकदम वाचतात आणि तुम्ही तेव्हा झोपलेले असता. दिवसभराची चर्चा तुमच्याशिवाय होते. राजकारणाचं बोलायचं तर व्हिडिओ कॉलवर, एकाशी, आणि आधी दहा मिनिटं घरचं बोलून.

बोलणं बंद झालं असेल तर

पहिल्या पंधरा दिवसांत फार घाई करू नका, पण सहा महिने जाऊ देऊ नका. एक सण चुकला की दुसरा चुकवणं सोपं होतं.

आधी खुलासा करायला जाऊ नका. ‘त्या दिवशी मी काय म्हणालो होतो’ हे सांगायला बसलात की तेच भांडण पुन्हा होतं. निमित्त शोधा, आणि निमित्त असं की ज्यात समोरच्याची गरज किंवा मोठेपणा आहे: बारशाला आत्याचा मान, लग्नाच्या याद्या, कुलदैवताचा अभिषेक, जमिनीच्या कागदावरचं जुनं नाव कुणाचं हे विचारणं. मध्यस्थ हवाच असेल तर तो एकच असावा आणि त्यानं निरोप पोचवू नयेत, फक्त भेट घडवावी. निरोप तोंडातोंडी बदलतात.

आवाज चढवला असेल, एकेरीवर आला असाल, तर माफी त्याचीच मागा, मताची नाही: “काका, मत माझं तेच आहे, पण त्या दिवशी तुमच्याशी तसं बोलायला नको होतं.” यात ‘पण तुम्हीही’ जोडू नका. काका “अरे सोड रे” म्हणतील किंवा काहीच म्हणणार नाहीत, चहा घेऊन निघा. पहिल्या भेटीत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका, आणि घरात टीव्ही चालू असेल तर आणखी लवकर उठा.

घरात कार्य असेल तर आमंत्रणाची पीडीएफ ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. ज्यांच्याशी बिनसलं आहे त्यांच्याकडे छापील पत्रिका, अक्षता घेऊन दोघांनी जोडीनं जा, घरातल्या सर्वांत ज्येष्ठाच्या हातात द्या आणि मान कुणाचा आहे ते नाव घेऊन सांगा. ते लग्नाला नुसते हजेरी लावून अक्षता टाकून निघून गेले, तरी जेवणाचा डबा आणि आहेर त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी पोचवा.